गाडी येऊन गेली, चिठ्ठीचं काय?

शाळेच्या फाटकातून आरोग्य पथकाची गाडी आत आली की पाचवीच्या वर्गात कुजबुज सुरू होते, ‘सुई टोचणार!’ मागच्या बाकावरचा एखादा पोटात दुखतंय म्हणून घरी पळायच्या बेतात असतो. सुई बहुतेक वेळा नसतेच. वजनकाटा असतो, भिंतीला लावलेली उंचीची पट्टी असते, लांबून वाचायचा अक्षरांचा तक्ता असतो. डॉक्टर डोळ्याची खालची पापणी ओढून पाहतात, ‘आ कर’ म्हणतात, छातीला नळी लावतात. दुपारपर्यंत वर्गामागून वर्ग तपासून होतात आणि गाडी निघून जाते.

जाताना मात्र ती काही मुलांच्या हातात एकेक चिठ्ठी ठेवून जाते. कुणाची नजर कमी, कुणाचा कान वाहतोय, कुणाच्या हृदयाचा ठोका डॉक्टरांना वेगळा वाटलेला. ‘पुढील तपासणीसाठी ग्रामीण रुग्णालयात पाठवावे’ अशा अर्थाचं त्यावर काही लिहिलेलं असतं. ती चिठ्ठी दप्तरात जाते, कंपासपेटीखाली दबते, तिच्यावर डब्यातल्या भाजीचं तेल सांडतं आणि पहिल्या पावसात तिची होडी होते. तपासणी होऊनही मूल जिथल्या तिथे राहतं.

हिवरा आश्रम आणि मेहकर तालुक्यातल्या गावांमधले पालक, शिक्षक, वसतिगृहांचे अधीक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांच्यासाठी हा लेख आहे. सार्वजनिक आरोग्य विभाग शाळेतल्या मुलांसाठी काय काय करतो, ते आपल्या मुलापर्यंत पोचवायचं कसं आणि ती चिठ्ठी दप्तरातून दवाखान्यापर्यंत न्यायची कशी, एवढंच यात सांगायचं आहे.

ही गाडी येते कुठून?

शाळेत जाऊन मुलं तपासण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. भारतात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोद्यात झाली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक गेलेले सयाजीराव गायकवाड तेव्हा तिथे राज्य करत होते. ब्रिटनने त्यासाठीचा कायदा त्याच्या दोनच वर्षं आधी, १९०७ साली केला होता. पण सुरुवात लवकर झाली म्हणून पुढची वाट सोपी झाली नाही. १९४६ साली देशाच्या आरोग्य सेवांचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने नोंदवलं की देशात शालेय आरोग्य सेवा जवळजवळ अस्तित्वातच नाही.

आजची गाडी ज्या कार्यक्रमाची आहे त्याची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये चार गोष्टी शोधायच्या, असं त्याचं सूत्र आहे: जन्मतः असलेले दोष, पोषणाच्या कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतला विलंब किंवा अपंगत्व. पथकात दोन वैद्यकीय अधिकारी असतात, एक स्त्री व एक पुरुष. सोबत एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका. अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांमधली मुलं वर्षातून एकदा तपासायची, असं त्यांचं वेळापत्रक असतं. याखेरीज ९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्याने ‘जागरूक पालक, सुदृढ बालक’ ही तपासणी मोहीमही हाती घेतली होती. त्या नावात आधी पालक येतो आणि मग बालक, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

मूल विनाअनुदानित खासगी शाळेत असेल तर हे पथक तिथे येईलच असं नाही. अशा पालकांनी वाट पाहत बसू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात मुलाला थेट नेता येतं.

पथक यायच्या आधी

भेटीची तारीख शाळेला बहुधा आधी कळते. त्या आठवड्यात तीन कामं उरकून घ्यावीत.

पहिलं काम वर्गशिक्षकांचं. डॉक्टरांना एका मुलामागे काही मिनिटं मिळतात, शिक्षक त्याला रोज पाहतात. फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारं, हाक मारली की ‘काय?’ म्हणून पुन्हा विचारणारं, खेळताना मध्येच उकिडवं बसून दम खाणारं, अधूनमधून एकटक कुठेतरी पाहत राहणारं, तिसरीत येऊनही अक्षर न लागणारं मूल शिक्षकाच्या नजरेत असतंच. अशा मुलांची नावं कागदावर लिहून पथकाच्या हाती द्यावीत. गर्दीत निसटणारं मूल त्या यादीमुळे सापडतं.

दुसरं काम पालकांचं. मुलाला पूर्वी झालेला मोठा आजार, फिट येण्याचा त्रास, सुरू असलेलं औषध, घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असल्यास ती माहिती वहीच्या कागदावर लिहून मुलासोबत द्यावी. आईचं बाळंतपण अवघड झालं होतं आणि बाळ उशिरा रडलं होतं, ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते. डॉक्टरांना ती कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

तिसरं काम हजेरीचं. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत मोठी मुलं धाकट्यांना सांभाळायला घरी राहतात. काही घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात. ज्यांना तपासणीची सर्वाधिक गरज असते तीच मुलं त्या दिवशी नसतात. गैरहजर मुलांची यादी करून पथकाला द्या आणि ती पुन्हा कधी, कुठे तपासली जातील हे तिथल्या तिथे विचारून घ्या.

चिठ्ठीचा प्रवास

आता मूळ मुद्दा. खरूज, साधा खोकला, जंत अशा किरकोळ तक्रारींवर पथक शाळेतच औषध देतं. ज्यांना जास्त तपासण्या लागतात त्यांना पुढे पाठवतं. आपल्या बोलीत, ‘रेफर करतं’. पहिला टप्पा प्राथमिक आरोग्य केंद्राचा किंवा मेहकरच्या ग्रामीण रुग्णालयाचा, पुढचा बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयाचा, आणि हृदयशस्त्रक्रियेसारखं काम असेल तर त्याहून मोठ्या रुग्णालयाचा. ऐकू न येणं, उशिरा बोलणं, वाढीत मागे राहणं यांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद या कार्यक्रमात आहे.

चिठ्ठी हाती आल्यावर पालकांच्या तोंडून पहिलं वाक्य बहुधा असं निघतं: ‘माह्या पोराले काय झालं? त्याले तं सगळं दिसते.’ या वाक्यामागे राग कमी असतो, भीती जास्त. मुलीच्या बाबतीत भीती दुप्पट होते: चष्मा लागला तर उद्या लग्नाचं काय? इथे शिक्षकांनी वाद घालू नये. पालकांना शाळेत बोलवावं, मुलाला वीस फुटांवर उभं करावं, एक डोळा हलक्या हाताने झाकायला सांगावं आणि तक्ता वाचायला लावावा. मग दुसरा डोळा. आपलं पोर तिसऱ्या ओळीला अडखळतंय हे आईने स्वतः पाहिलं की पुढे फारसं सांगावं लागत नाही.

चिठ्ठी मिळाल्यावर या पाच गोष्टी करा:

१. पथक शाळेतून जाण्याआधी चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढा. मूळ कागद भिजला, फाटला तरी हातात काहीतरी राहतं.

२. कुठे जायचं, कोणत्या वारी जायचं आणि कुणाला भेटायचं हे तीन प्रश्न पथकाला विचारून चिठ्ठीच्या मागे लिहून घ्या. डोळ्यांचे, कानांचे, दातांचे डॉक्टर रोज असतातच असं नाही. चुकीच्या दिवशी गेलेला पालक रिकाम्या हाताने परततो आणि दुसऱ्यांदा जात नाही. एका खेपेत मजुरीचा एक दिवस आणि एसटीचं भाडं जातं, हे शहाण्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

३. शिधापत्रिका, मुलाचं आधार कार्ड आणि जन्मदाखला यांच्या प्रती एका पिशवीत ठेवा. शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी याच कागदांना हात घालावा लागतो.

४. पैशाच्या भीतीने थांबू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांमध्ये तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

५. दवाखान्यातून आल्यावर काय सांगितलं ते वर्गशिक्षकांना कळवा. चष्मा मिळाला असेल तर तो दप्तरात राहतो की नाकावर, हे शाळेतच दिसणार आहे.

शाळेने यासाठी वेगळी चिठ्ठी-वही ठेवावी. दोनशे पानी रजिस्टर पुरतं. त्यात चार रकाने: मुलाचं नाव व वर्ग, काय आढळलं, कुठे पाठवलं, काय झालं. चौथा रकाना रिकामा असेल तोवर ते प्रकरण उघडं समजायचं. ही वही मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद असावी. कुणाला काय आजार आहे हे वर्गात वाचून दाखवायची गोष्ट नाही. ‘ए चष्मिश’, ‘ए फिटवाल्या’ ही नावं तिथूनच जन्माला येतात.

वसतिगृहात राहणाऱ्या मुलांचा प्रश्न आणखी वेगळा. हिवरा आश्रमात शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या विवेकानंद आश्रमामुळे गावात शिक्षणसंस्था वाढल्या आणि बाहेरगावची मुलं इथे शिकायला येऊ लागली. ज्याचे आईबाप दूर आहेत त्याची चिठ्ठी कुणाची? कुठल्याही वसतिगृहाने प्रवेशाच्या वेळीच पालकांकडून प्राथमिक तपासणीची लेखी संमती, दोन फोन नंबर आणि आजारांची माहिती घेऊन ठेवावी. वेळ आल्यावर अधीक्षकांना मुलाला घेऊन निघता येतं, परवानगीची वाट पाहत बसावं लागत नाही.

सोमवारची गोळी

गाडी वर्षातून एकदा येते, पण आरोग्य विभागाची एक गोष्ट दर आठवड्याला शाळेत असते: लोहाची गोळी. पहिली ते पाचवीच्या मुलांना गुलाबी, त्यात ४५ मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. सहावी ते बारावीच्या मुलामुलींना निळी, त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. ठरावीक वार, बहुधा सोमवार.

तिची गरज किती आहे? २०१९ ते २०२१ दरम्यानच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५७.२ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे दहावी-बारावीच्या बाकावर दोघी बसल्या असतील तर त्यांतल्या एकीला तो असण्याचा संभव मोठा. ‘आळशी झाली आहे’, ‘अभ्यासात लक्ष नाही’ असं जिच्याबद्दल आपण म्हणतो, तिच्या पापणीचा आतला भाग एकदा पाहा. तो लालसर गुलाबी हवा. पांढुरका दिसला तर आळसाच्या आधी रक्ताचा विचार करा.

गोळी नाकारली जाते ती मळमळीमुळे. त्यावर उपाय साधा आहे. उपाशीपोटी द्यायची नाही, शालेय पोषण आहाराची पंगत उठली की द्यायची, शिक्षकांच्या समोर पाण्याबरोबर गिळायला लावायची. घरी न्यायला दिली की ती दप्तरातल्या चिठ्ठीच्या शेजारी जाऊन बसते. दुसऱ्या दिवशी शौचाचा रंग काळपट झाला तर घाबरू नये, लोहामुळे तसं होतं. गोळीच्या आगेमागे चहा नको, चहा लोह शोषू देत नाही. लिंबू, आवळा, पेरू मात्र मदतीला येतात. शिक्षकांनी मुलांसमोर एक गोळी स्वतः घ्यावी. दहा भाषणांपेक्षा ते लवकर पटतं. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्या मुलाला डॉक्टरांना विचारूनच गोळी द्यायची.

गोळी जेवणाला पर्याय नाही. शालेय पोषण आहारातून पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं प्रमाण ठरलेलं आहे. घरी ज्वारीची भाकरी, अंबाडी, चुका, मेथी, उडदाची डाळ, गूळ-शेंगदाणे आपल्याकडे होतेच. पाच रुपयांच्या कुरकुऱ्यांच्या पुड्याने त्यांना ताटातून उठवलं आहे. डब्याच्या बाबतीत पुन्हा मागे वळण्यात कमीपणा नाही.

जंताची गोळी आणि राहिलेल्या लसी

जेवलेलं अंगी लागायचं तर पोटात वाटेकरी नकोत. २०१५ पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. त्यासाठी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या तारखा ठरलेल्या आहेत, पण राज्याच्या सोयीनुसार त्या पुढेमागे होतात. १ ते १९ वर्षं वयाच्या सर्वांना अल्बेंडाझोल दिलं जातं. दोन वर्षांपुढच्यांना ४०० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, तीही चुरून. मोठ्यांनी गोळी चावून खायची, नुसती गिळायची नाही. त्या दिवशी ताप असेल किंवा मूल आजारी असेल तर द्यायची नाही. राहिलेल्यांसाठी काही दिवसांनी आणखी एक दिवस ठेवलेला असतो. पोटात जंत जास्त असतील तर गोळीनंतर थोडी मळमळ, पोटदुखी होऊ शकते. मुलाला सावलीत पडू द्यावं, पाणी द्यावं. त्रास थांबला नाही तर आरोग्य केंद्र गाठावं.

लसीकरण अंगणवाडीत संपलं, हा गैरसमज घरोघरी आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांचा बूस्टर डोस असतो. पुढे दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस असते, म्हणजे साधारण पाचवी आणि दहावी-अकरावीत. शाळेतून लसीकरण आपल्याला नवं नाही. २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम झाली तेव्हा नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी शाळाच केंद्रं झाल्या होत्या. आपल्या मुलाचं लसीकरणाचं कार्ड सापडत नसेल तर आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरना विचारा. नोंद त्यांच्याकडेही असते.

जे तपासणीत दिसत नाही

काही दुखणी वजनकाट्यावर येत नाहीत. पाळी सुरू झालेली मुलगी दर महिन्याला तीन-चार दिवस शाळेत येत नाही, ते हजेरीपटावर दिसतं. स्वच्छतागृहात पाणी, आतून लागणारी कडी आणि झाकणाची बादली, एवढ्याने त्यातले बरेच दिवस परत मिळतात. वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी आरोग्य विभागाची ‘मैत्री’ क्लिनिक असतात. जवळचं कुठे आहे हे ग्रामीण रुग्णालयात विचारावं. २०२० पासूनच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, आरोग्याच्या कामासाठी प्रशिक्षित करायचे असं ठरलं आहे. आपल्या शाळेतले ते दोघं कोण, हे मुलांना नावानिशी माहीत हवं.

परीक्षेच्या दिवसांत झोप उडालेलं, जेवण सोडलेलं, गप्प झालेलं मूल असेल तर १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला मोफत मिळतो. मुलाला मारहाण किंवा छळ होत असल्याचा संशय आला तर १०९८.

आणि पुडी. शाळेच्या आवारापासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला कायद्याने बंदी आहे. फाटकापासून पावलं मोजा. साधारण सव्वाशे पावलांच्या आत टपरीवर पुड्यांची माळ लटकत असेल तर ती काढायला लावणं हे ग्रामपंचायतीचं आणि समितीचं काम आहे. टपरीवाला गावचाच असतो, त्याची पोरंही याच शाळेत असतात. आधी बोलून पाहावं, नाही ऐकलं तर लेखी द्यावं.

खबर लवकर द्या

साथ पुष्कळदा हजेरीपटावर आधी दिसते. एका वर्गातली चार-पाच मुलं एकाच आठवड्यात ताप, उलट्या-जुलाब, कावीळ किंवा अंगावरच्या पुरळाने गैरहजर असतील, तर वाट न पाहता आरोग्य सेवकाला किंवा आशाताईंना फोन करा. टाकीतलं पाणी तपासायला सांगा. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, कठोरा या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले तेव्हा आरोग्य पथकं घरोघर फिरली, पाण्याचे आणि रक्ताचे नमुने गेले, बाहेरून तज्ज्ञ आले. सुरुवात मात्र गावाने सांगण्यापासूनच होते. वर्गात मूल बेशुद्ध पडलं, साप चावला, अपघात झाला तर १०८. नुसती माहिती किंवा सल्ला हवा असेल तर १०४. हे क्रमांक मुख्याध्यापकांच्या फोनमध्ये असून भागत नाही. व्हरांड्याच्या भिंतीवर, सातवीतल्या मुलाला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत ते रंगवून घ्या.

गावाला जमतं ते

दरवर्षी विवेकानंद जयंतीच्या उत्सवाला हिवरा आश्रमात लाखो लोकांची पंगत बसते. पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून वाढली जाते आणि कुणी उपाशी उठत नाही. ज्या गावाला रांगा आखता येतात, वाढपी नेमता येतात आणि शेवटच्या पानापर्यंत जिन्नस पोचवता येतो, त्या गावाला एका वहीतले चार रकाने अवघड नाहीत. पंगतीतली शिस्त तीच आहे: कुणाच्या पानात काय राहिलं हे पाहत पुढे जायचं.

शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत खिचडीच्या तांदळावर आणि कंपाउंडच्या भिंतीवर चर्चा होईलच. त्याआधी एका पालकाने उभं राहून एवढंच विचारावं: ‘सर, मागच्या तपासणीत किती पोरांना चिठ्ठ्या मिळाल्या, आणि त्यांतली किती पोरं दवाखान्यात जाऊन आली?’ उत्तरासाठी वही काढायला कुणी उठलं तर काम सुरू झालं म्हणायचं. वहीच नसेल, तर ती त्याच बैठकीत घालून द्यावी.